कुटुंबाचे समूहछायाचित्र : आलोइस रीग्लच्या एका अपवादाचा पुनर्विचार

१

ज्या चित्रप्रकारांचा प्रसार अतिशय मोठा, पण ज्यांची समीक्षा मात्र जवळजवळ झालेली नाही, अशांत कुटुंबाच्या समूहछायाचित्राची गणना करावी लागेल. आठवणीची वस्तू म्हणून त्याच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. समाजशास्त्राचे साधन म्हणूनही त्याचा उपयोग झाला आहे. परंतु असे एखादे चित्र ‘चांगले’ कशामुळे ठरते, हा प्रश्न मात्र सामान्यतः स्टुडिओतील कारागिरावर सोपवून दिला जातो. त्याचे उत्तरही ठरलेले असते : सर्वांचे चेहरे स्पष्ट यावेत, कोणाचे डोळे मिटलेले नसावेत, कोणी कोणाच्या आड जाऊ नये आणि शक्य तर सर्वजण हसतमुख असावेत. ही उत्तरे चुकीची नाहीत. पण ती दोषांच्या अभावाविषयी बोलतात, गुणाविषयी बोलत नाहीत. हे सर्व साधूनही एखादे चित्र निर्जीव राहू शकते. आणि ह्यांतील एक-दोन गोष्टी बिघडूनही एखादे चित्र पिढ्यान्‌पिढ्या पाहत राहावेसे वाटते. हा फरक कशात आहे, त्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मराठी सौंदर्यविचाराच्या अभ्यासकाला येथे प्रथम बा. सी. मर्ढेकरांची आठवण होणे साहजिक आहे. ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) ह्या ग्रंथात त्यांनी मांडलेली संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे समूहचित्राच्या घाटाला सहज लावता येतात. उंच-बुटक्या आकृतींची चढउतार, काळ्या कोटांशेजारी उजळ लुगडी, दोन्ही बाजूंस सारखा भार : ह्या दृष्टीने पाहिले तर कितीतरी जुनी गटचित्रे निर्दोष रचनेची ठरतील. तथापि एवढ्याने प्रश्न सुटत नाही. ज्या आकृतींचा समतोल साधावयाचा आहे, त्या केवळ आकृती नसून एकमेकांशी बापलेक, सासू-सून, भाऊ-बहीण अशा नात्यांनी बांधलेल्या व्यक्ती आहेत. त्यांच्या स्थानांतून लय जशी प्रकट होते, तसाच अधिकारही प्रकट होतो. म्हणून येथे घाटाचा विचार नात्यांच्या विचारापासून तोडता येत नाही. आणि ह्या दोहोंना एकत्र धरणारी उपपत्ती आपल्याला अन्यत्र शोधावी लागते.

२

अशी उपपत्ती व्हिएन्नाचे कलेतिहासकार आलोइस रीग्ल ह्यांनी १९०२ साली प्रसिद्ध केलेल्या डच समूहचित्रांवरील प्रबंधात सापडते. सोळाव्या-सतराव्या शतकांत हॉलंडमधील नगररक्षकांच्या पथकांनी, व्यापारी संघांच्या आणि धर्मादाय संस्थांच्या चालकांनी आपली सामुदायिक चित्रे काढवून घेतली. ह्या चित्रांत कथा नाही, नायक नाही. प्रत्येक सभासद सारख्याच मानाचा असून त्याचा चेहरा ओळखू आला पाहिजे, अशी अट आहे. मग अनेक चेहऱ्यांचे एक चित्र व्हावे कसे? डिर्क याकब्स ह्याने १५२९ मध्ये रंगविलेल्या आम्स्टरडॅमच्या रक्षकपथकाच्या चित्रात चेहऱ्यांच्या नुसत्या ओळी दिसतात. पुढे फ्रान्स हाल्स त्यांना मेजवानीच्या निमित्ताने एकत्र आणतो. आणि १६६२ साली रेम्ब्रांट कापडसंघाच्या पर्यवेक्षकांना एका टेबलाभोवती असे बसवितो, की त्यांचे लक्ष एकाच वेळी परस्परांकडे आणि समोर आलेल्या कोणा अदृश्य व्यक्तीकडे आहे असे वाटावे. ह्या अदृश्य व्यक्तीच्या जागी प्रेक्षक उभा असतो.

रीग्ल ह्यांच्या विवेचनात ‘अवधान’ ही कल्पना केंद्रस्थानी आहे. चित्रातील व्यक्ती कृतीने नव्हे, तर जागरूक लक्ष देण्याने जिवंत होतात. त्या लक्षाचे दोन प्रकारचे संबंध निर्माण होतात. व्यक्ती आपसांत जोडल्या जातात, तेव्हा आंतरिक एकता साधते. त्या प्रेक्षकाशी जोडल्या जातात, तेव्हा बाह्य एकता साधते. तसेच एका व्यक्तीच्या प्राधान्याने इतरांना बांधणे ही अधीनतेची रचना, आणि सर्वांना सारखे मोल देऊन बांधणे ही समकक्षतेची रचना, असाही भेद ते करतात. डच कलेचे वैशिष्ट्य त्यांना समकक्षतेत दिसते.

आता आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की रीग्ल ह्यांनी कौटुंबिक चित्रांना ह्या प्रकारातून आरंभीच वगळले आहे. त्यांच्या मते समूहचित्र हे स्वतंत्र व्यक्तींनी स्वेच्छेने केलेल्या संघटनेचे चित्र होय. कुटुंब तसे नाही. पती आणि पत्नी ह्या एकाच नाण्याच्या दोन बाजू, मुले ही आईबापांच्याच साच्यातून निघालेल्या प्रतिमा. म्हणून कुटुंबाचे चित्र हे वस्तुतः व्यक्तिचित्राचाच विस्तार होय, असे त्यांचे म्हणणे आहे.

हा अपवाद वरवर पाहता वर्गीकरणाच्या सोयीचा वाटतो. परंतु त्यात कुटुंबाविषयी एक सबंध भूमिका गृहीत धरलेली आहे. कुटुंब हे कर्त्या पुरुषाचा विस्तार आहे की निरनिराळ्या व्यक्तींचा समूह आहे, हा प्रश्न रीग्ल एका वाक्यात निकालात काढतात. छायाचित्रकाराला मात्र तो तसा निकालात काढता येत नाही. कारण माणसांना उभे करताना, बसविताना, जवळ-दूर करताना त्याला दर वेळी त्याचे उत्तर द्यावे लागते. कुटुंबाचे चांगले छायाचित्र ते, ज्यात रीग्ल ह्यांचा अपवाद खोटा ठरतो, असे आमचे प्रतिपादन आहे.

३

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि तिच्या कामात डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी ह्यांच्यासारखे एतद्देशीय गृहस्थही होते. तेथून पुढे स्टुडिओची कला महाराष्ट्रातील लहानमोठ्या गावांपर्यंत पोहोचली आणि तिच्याबरोबर कुटुंबाच्या गटचित्राचा एक स्थिर संकेत रूढ झाला. मध्यभागी खुर्च्यांवर वडीलधारी मंडळी. त्यांच्या मागे उभे असलेले मुलगे आणि जावई. सुना कडेला अथवा मागच्या ओळीत. पुढे सतरंजीवर मांडी घालून बसलेली मुले. आणि सर्वांत धाकटे आजीच्या मांडीवर. पगडी, उपरणे, नथ, मुलाच्या हातातील बिंदल्या हे सर्व नीट दिसेल असे. दृष्टी सरळ समोर. घरातील विधवा स्त्री ह्या रचनेत असलीच तर बहुधा टोकाला.

ह्या संकेताची थट्टा करणे सोपे आहे. पण ते न्याय्य नाही. त्याच्यामागे प्रथम तांत्रिक कारण होते. ओल्या काचेच्या पद्धतीत भिंग काही सेकंद उघडे ठेवावे लागे. तेवढा वेळ स्थिर राहावयाचे तर बसलेले, टेकलेले, आधार घेतलेले शरीरच उपयोगाचे. हास्य इतका वेळ टिकत नाही, गांभीर्य टिकते. १८८० नंतर कोरड्या काचा सर्वत्र झाल्या आणि हा काळ कमी झाला. तरी पवित्रा तसाच राहिला, ह्याचे कारण मात्र तांत्रिक नव्हे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ प्येर बूर्द्यू ह्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या छायाचित्रणविषयक ग्रंथात ह्या समोरासमोरच्या पवित्र्याचा जो अर्थ लावला, तो आपल्याकडेही लागू पडतो. समोर तोंड करून, सावरून बसणे म्हणजे पाहणाऱ्याला मान देणे आणि त्याच्याकडून मानाची अपेक्षा करणे. ताठरपणा हे अडाणीपणाचे लक्षण नसून ती मर्यादेची भाषा आहे.

रीग्ल ह्यांच्या परिभाषेत सांगावयाचे तर ह्या गटचित्रांत बाह्य एकता आहे, आंतरिक एकता जवळजवळ नाही आणि रचना अधीनतेची आहे. म्हणजे ती खरोखरच कर्त्याच्या व्यक्तिचित्राचा विस्तार आहेत. अनुपस्थित किंवा दिवंगत व्यक्तीचा चेहरा दुसऱ्या छायाचित्रातून घेऊन गटात बसविण्याची स्टुडिओंची पद्धतही ह्याच गोष्टीची साक्ष देते. स्थान आधी ठरलेले असते, व्यक्ती नंतर त्यात येते. म्हणूनच ती प्रत्यक्ष नसली तरी चालते.

आणि तरीही ह्यांतील काही चित्रे आपल्याला धरून ठेवतात. अशी चित्रे बारकाईने पाहिली असता असे आढळते, की त्यांत कोठेतरी ही व्यवस्था एखाद्या व्यक्तीच्या अवधानाने भेदलेली असते. मागच्या ओळीतील एखादी सून इतरांपेक्षा अधिक निर्भयपणे कॅमेऱ्याकडे पाहत असते. सतरंजीवरील मुलगा समोर न पाहता शेजारच्या बहिणीकडे पाहत असतो. खुर्चीवरील म्हाताऱ्याचा हात नकळत नातवाच्या खांद्यावर गेलेला असतो. कारागिराने घालून दिलेला क्रम मोडत नाही, पण त्या क्रमात एक व्यक्ती स्वतःच्या बळावर उपस्थित असते. चित्र जिवंत होते ते ह्या जागी.

४

स्टुडिओच्या बाहेर, घरातच काढलेल्या चित्रांचे भारतातील एक विलक्षण उदाहरण उमराव सिंग शेरगिल (१८७०–१९५४) ह्यांचे आहे. संस्कृतचे अभ्यासक असलेल्या ह्या गृहस्थांनी अनेक दशके स्वतःची, आपल्या हंगेरियन पत्नी मारी आंत्वानेत ह्यांची आणि अमृता व इंदिरा ह्या मुलींची छायाचित्रे काढली. येथे कॅमेरा परक्या कारागिराच्या नव्हे, कर्त्याच्याच हाती आहे. त्यामुळे अधीनता नाहीशी होते असे मात्र नाही. तिचे स्वरूप बदलते. मध्यभागी बसून सत्ता दाखविण्याऐवजी पिता आता पाहण्याची जागाच व्यापतो, आणि सर्वांचे अवधान त्याच्याकडे वळलेले असते.

परंतु ह्या छायाचित्रांचे मोल ठरते ते ह्या सत्तेला मिळालेल्या उत्तरामुळे. अमृता पित्याच्या कॅमेऱ्यासमोर नुसती बसत नाही, ती पवित्रा घेते. आपल्याला कसे पाहिले जावे ह्याविषयी तिचे स्वतःचे मत आहे, हे चित्रात दिसते. पुढे चित्रकार म्हणून प्रसिद्ध झालेल्या मुलीची ही इच्छाशक्ती आणि पित्याची पाहण्याची इच्छा ह्यांच्यातील ताण ही त्या चित्रांची आंतरिक रचना आहे. इंदिरा ह्यांचे पुत्र, चित्रकार विवान सुंदरम् (१९४३–२०२३) ह्यांनी २००१–०२ मध्ये ‘री-टेक ऑफ अमृता’ ह्या मालिकेत आजोबांची हीच छायाचित्रे संगणकाच्या साहाय्याने एकत्र जोडली आणि निरनिराळ्या काळांतील माणसांना एका चौकटीत आणले. स्टुडिओतील कारागीर दिवंगत व्यक्तीला गटात बसवीत असे, त्याच युक्तीचा हा उपयोग आहे. पण उद्देश नेमका उलटा. तेथे रिकामी जागा भरून व्यवस्था पूर्ण केली जात होती. येथे ज्या नजरा एकमेकींना कधीच भेटल्या नव्हत्या, त्या समोरासमोर आणून कुटुंबाच्या एकतेविषयीच प्रश्न उपस्थित केला आहे.

५

पाश्चात्त्य छायाचित्रकारांपैकी दोघांनी हा प्रश्न जाणीवपूर्वक हाताळला आहे. जर्मन छायाचित्रकार टोमास श्ट्रूट (जन्म १९५४) ह्यांनी १९८२ मध्ये मनोविश्लेषक इंगो हार्टमान ह्यांच्याबरोबर रुग्णांनी आणलेल्या त्यांच्या घरच्या छायाचित्रांचा अभ्यास केला. पुढे त्या दशकाच्या मध्यापासून त्यांनी स्वतः कुटुंबांची मोठ्या आकाराची चित्रे घेण्यास आरंभ केला. त्यांची पद्धत साधी आहे. बहुधा परिचयातील कुटुंब निवडावयाचे; कोठे व कसे बसावे अथवा उभे राहावे हे त्या मंडळींनाच ठरवू द्यावयाचे; आणि सर्वांनी भिंगाकडे पाहावे एवढीच अपेक्षा ठेवावयाची. स्थान बाहेरून लादलेले नसल्यामुळे कोण कोणाजवळ बसले, कोणी हात कोठे ठेवला, दोघांच्या मध्ये किती अंतर राहिले, ह्या सर्व गोष्टी त्या कुटुंबाच्या स्वतःच्या विधानासारख्या वाचता येतात. श्ट्रूट ह्यांचे गुरू, चित्रकार गेर्हार्ट रिक्टर ह्यांच्या कुटुंबाचे २००२ मधील चित्र ह्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. डच चित्रांतील स्वतंत्र सभासदांची समकक्षता येथे पती, पत्नी आणि लहान मुले ह्यांच्यात उतरली आहे. सर्वांत लहान मूलदेखील समोरच्याला स्वतःच्या वतीने सामोरे जाते. रीग्ल ह्यांनी जे अशक्य मानले ते येथे प्रत्यक्षात आलेले दिसते.

अमेरिकन छायाचित्रकार निकोलस निक्सन (जन्म १९४७) ह्यांची ‘ब्राउन भगिनी’ ही मालिका वेगळ्या मार्गाने तेथेच पोहोचते. १९७५ मध्ये त्यांनी आपली पत्नी बीबी आणि तिच्या तीन बहिणी ह्यांचे एक चित्र आठ-बाय-दहा इंचांच्या कॅमेऱ्याने घेतले. त्या वेळी बहिणींची वये पंधरा ते पंचवीस होती. पुढे दरवर्षी एक चित्र ह्याप्रमाणे मालिका वाढत गेली आणि २०१४ मध्ये चाळीस चित्रे पूर्ण झाल्यावर न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने ती सर्व प्रदर्शित केली. क्रम कधीच बदलत नाही : डावीकडून हेदर, मिमी, बीबी, लॉरी. म्हणजे आपल्या स्टुडिओंप्रमाणे येथेही स्थाने बांधलेली आहेत. पण हा क्रम ज्येष्ठतेचा नाही, की अधिकाराचाही नाही. तो निव्वळ क्रम आहे. आणि म्हणूनच त्याच्या स्थिरतेवर प्रत्येक वर्षीचा बदल उमटून दिसतो. एका वर्षी दोघी बिलगलेल्या, दुसऱ्या वर्षी त्यांच्यात फट. कोणाचा दंड कोणाच्या कमरेभोवती, कोणाची मान किंचित वळलेली. हास्य जवळजवळ नाही. अवधान मात्र सतत आहे. काही चित्रांत छायाचित्रकाराची सावली बहिणींच्या अंगावर पडलेली दिसते. पाहणारा हाही त्या कुटुंबातलाच आहे, ह्याची कबुली चित्र स्वतःच देते.

ह्या दोन उदाहरणांवरून एक निष्कर्ष निघतो. समकक्षता येण्यासाठी माणसांना मोकळे सोडावे लागते किंवा क्रमातून अधिकार काढून घ्यावा लागतो. ह्यांपैकी काहीही न करता केवळ हास्याची आज्ञा दिली, तर जी एकता मिळते ती वरून पसरलेली असते. सर्वांना एकाच क्षणी एकच शब्द उच्चारावयास लावून मिळविलेले हास्य ही जुन्या ताठरपणाचीच नवी आवृत्ती होय. फरक एवढाच, की त्या ताठरपणात मानाची जाणीव होती. ह्या हास्यात ती नसते.

६

प्रत्यक्ष चित्र घेणाऱ्याला जे तांत्रिक नियम सांगितले जातात, त्यांचा ह्या विवेचनाशी संबंध नाही असे कोणी समजू नये. आज बहुतेक कौटुंबिक चित्रे मोबाइलवर घेतली जातात आणि त्याचे मुख्य भिंग रुंद दृश्यकोनाचे असते. अशा भिंगाने फार जवळून मोठा गट घेतला, की चौकटीच्या कडांवरील चेहरे आणि शरीरे ताणली जातात. मध्यभागी बसलेल्यांना काही होत नाही. कडेला कोण असते ते आपण वर पाहिलेच आहे. म्हणजे भिंगाचा दोष नेमका त्याच व्यक्तींच्या वाट्याला येतो, ज्यांना व्यवस्थेने आधीच कडेला ठेवले आहे. चार पावले मागे जाऊन अरुंद कोनाने चित्र घेणे हा म्हणून केवळ कौशल्याचा प्रश्न राहत नाही. तीच गोष्ट कॅमेऱ्याच्या उंचीची. उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवरून घेतलेल्या चित्रात खाली बसलेली मुले चेपली जातात. गटाच्या मध्यम उंचीवर कॅमेरा आणला की त्यांनाही चेहरा मिळतो. दुपारच्या उन्हात भुवयांची सावली डोळ्यांवर पडून अवधानच नाहीसे होते. ओसरी, व्हरांडा किंवा झाडाची दाट सावली ह्यांतील पसरलेला प्रकाश डोळे उघडे ठेवू देतो.

मिटलेल्या डोळ्यांच्या प्रश्नावर तर गणितही झाले आहे. ऑस्ट्रेलियातील निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स ह्यांना २००६ साली गणिताचे ‘इग नोबेल’ हे विनोदी पारितोषिक मिळाले, ते ह्याच हिशेबासाठी. वीसपेक्षा कमी माणसांच्या गटात चांगला प्रकाश असेल तर माणसांच्या संख्येला तिनाने, कमी प्रकाश असेल तर दोनाने भागावे; येईल तितकी चित्रे घेतली असता त्यांत एक तरी सर्वांचे डोळे उघडे असलेले निघेल, अशी जवळजवळ खात्री बाळगता येते. बारा माणसांसाठी चार किंवा सहा चित्रे. नियम उपयुक्त आहे. परंतु ह्या चार-सहांतून कोणते ठेवावयाचे, हा निर्णय गणित देत नाही. तेथे समीक्षा सुरू होते. घरोघरी हा निर्णय बहुधा एकच व्यक्ती घेते आणि इतरांची चित्रे त्या एका व्यक्तीच्या पसंतीने ठरतात. सर्वांनी मिळून निवड केली, तर समकक्षतेचे तत्त्व चित्र घेतल्यानंतरही पाळले जाते.

७

ह्या प्रतिपादनावर एक गंभीर आक्षेप संभवतो. कुटुंब ही स्वेच्छेची संघटना नाही हे रीग्ल ह्यांचे म्हणणे सत्यच आहे; मग चित्रात तसे भासविणे ही फसवणूक नव्हे काय? घरात ज्येष्ठता आहे, अवलंबन आहे, अन्यायही आहे. चित्रात सर्वांना सारखे करणे हा ह्या वास्तवावर घातलेला रंगाचा हात ठरेल.

आक्षेप विचारार्ह आहे, परंतु तो समकक्षतेचा अर्थ चुकीचा घेतो. समकक्षता म्हणजे सर्वांना एका ओळीत, एका उंचीवर उभे करणे नव्हे. आजोबा खुर्चीवर आणि नातवंडे खाली असण्यात काही बिघडत नाही; वय हे वास्तव आहे. अपेक्षा एवढीच, की ज्या स्थानावर जो आहे तेथून तो स्वतः पाहत असावा. त्याचे अवधान दुसऱ्या कोणाच्या अधिकाराचे प्रतिबिंब नसावे. उलट, अन्याय चित्रात दिसावयाचा असेल, तर तोही अशाच चित्रात दिसेल. ज्या चित्रात टोकाच्या स्त्रीला नजरच उरलेली नाही, तेथे तिच्यावरील अन्याय चित्राने केवळ नोंदविलेला नसतो. त्याने त्यात भागही घेतलेला असतो.

शिवाय डच समूहचित्र आणि कौटुंबिक छायाचित्र ह्यांत प्रेक्षकाच्या बाबतीत एक भेद आहे. रेम्ब्रांटच्या पर्यवेक्षकांसमोर जो उभा आहे तो परका आहे. कुटुंबाच्या छायाचित्रासमोर पुढे जो उभा राहणार आहे, तो बहुतेक वेळा त्याच कुटुंबातला, अजून न जन्मलेला माणूस असतो. रीग्ल ह्यांची बाह्य एकता येथे काळाच्या अंगाने आंतरिक होते. त्या मुलाने किंवा मुलीने पन्नास वर्षांनी चित्र हाती घेतल्यावर तिला केवळ खापरपणजोबा आणि त्यांचे ‘इतर’ दिसावेत, की प्रत्येक जण तिच्याकडे स्वतंत्रपणे पाहताना दिसावा, हे आज चित्र घेणाऱ्याच्या हाती आहे.

पदव्युत्तर अभ्यासाच्या दृष्टीने येथे काम पुष्कळ आहे. जुन्या स्टुडिओंच्या काचेच्या निगेटिव्ह आणि घराघरांतील गटचित्रे नष्ट होण्याच्या मार्गावर आहेत. आणि जी उरली आहेत त्यांच्या पाठीमागे पुरुषांची नावे लिहिलेली सापडली, तरी स्त्रियांची नावे अनेकदा ‘सौ.’ किंवा ‘आई’ एवढ्यावरच थांबतात. चित्र कोणी घेतले, स्थाने कोणी ठरविली, कोण गैरहजर होते आणि का, ह्याची नोंद ती सांगू शकणारी मंडळी हयात आहेत तोवर करून ठेवली पाहिजे. तशी साधनसामग्री हाती आल्यावरच मराठी गटचित्राच्या संकेताचा इतिहास लिहिता येईल, आणि प्रस्तुत लेखातील प्रतिपादनाची खरी परीक्षाही तेव्हाच होईल.